सुवर्ण नॅनोकणांच्या आकाराचे रासायनिक नियंत्रण : एक विवेचन

सारांश : सोन्याच्या नॅनोकणांचा रंग व उपयोग त्यांच्या मापाइतकाच त्यांच्या आकारावर अवलंबून असतो. प्रस्तुत लेखात बीजवाढ पद्धतीने सुवर्णदंड कसे तयार होतात, त्यांचा आकार कोणत्या घटकांनी ठरतो आणि अभिकर्मकातील अत्यल्प अशुद्धीने तो कसा बिघडतो, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : सुवर्ण नॅनोकण, सुवर्णदंड, बीजवाढ पद्धती, स्फटिकपृष्ठ, आयोडाइड

प्रस्तावना :
मायकेल फॅरेडे यांनी १८५७ मध्ये सोन्याच्या लाल कलिली द्रावणाचा अभ्यास मांडला आणि हा रंग सोन्याच्या अतिसूक्ष्म कणांमुळे येतो, असे प्रतिपादन केले. पुढे १९५१ मध्ये टर्केविच व त्यांच्या सहकाऱ्यांनी सायट्रेटच्या साहाय्याने क्लोरोऑरिक आम्लाचे क्षपण करून सुमारे २० नॅनोमीटर व्यासाचे कण मिळविले. सायट्रेटचे प्रमाण बदलून कणांचे माप बदलता येते, हे फ्रेन्स यांनी १९७३ मध्ये दाखविले. मात्र हे कण बहुतांशी गोलाकारच असतात. येथे ‘आकार’ म्हणजे कणाची घडण, अर्थात गोल, दंड किंवा त्रिकोण, असे अभिप्रेत आहे. लहानमोठेपणासाठी ‘माप’ हा शब्द योजला आहे.

आकाराचे महत्त्व :
सोन्यातील मुक्त इलेक्ट्रॉन प्रकाशलहरींबरोबर सामूहिक आंदोलन करतात. लहान गोल कणांत हे आंदोलन सर्व दिशांना सारखेच असते. त्यामुळे सुमारे ५२० नॅनोमीटरजवळ एकच शोषणपट्ट आढळतो. दंडाकृती कणांत मात्र आडवे व लांबीच्या दिशेचे असे दोन पट्ट मिळतात. लांबी व रुंदी यांचे गुणोत्तर वाढले की दुसरा पट्ट अवरक्ताकडे सरकतो. गुणोत्तर ४ च्या आसपास असता तो सुमारे ८०० नॅनोमीटरवर येतो. या पट्ट्यातील प्रकाश शरीराच्या ऊतींत तुलनेने खोलवर पोहोचतो. म्हणूनच कर्करोगाच्या पेशी उष्णतेने नष्ट करण्याच्या संशोधनात सुवर्णदंडांना महत्त्व आले.

आकार कसा ठरतो? :
सोन्याच्या स्फटिकाची सर्व पृष्ठे सारखी नसतात. (१११) पृष्ठावर अणू सर्वांत दाट रचलेले असल्याने त्याची ऊर्जा सर्वांत कमी असते. त्यानंतर (१००) व (११०) ही पृष्ठे येतात. अभिक्रियेला पूर्ण मोकळीक मिळाल्यास कण एकूण पृष्ठऊर्जा कमीत कमी राहील अशी, गोलाशी मिळतीजुळती घडण घेतो. दंड हवा असेल तर काही पृष्ठांवरील वाढ रोखून इतरांवर ती चालू ठेवावी लागते. म्हणजेच आकाराचे नियंत्रण हे वाढीच्या वेगाचे नियंत्रण होय.

बीजवाढ पद्धती :
मर्फी यांच्या गटाने २००१ मध्ये विकसित केलेल्या व निकूबख्त आणि एल-सय्यद यांनी २००३ मध्ये सुधारलेल्या या पद्धतीत दोन टप्पे असतात. प्रथम बर्फाइतके थंड सोडिअम बोरोहायड्राइड हे तीव्र क्षपणक वापरून काही नॅनोमीटरचे बीजकण तयार करतात. दुसऱ्या टप्प्यातील वाढद्रावणात क्लोरोऑरिक आम्ल, सेटिलट्रायमिथाइलअमोनिअम ब्रोमाइड (सीटॅब), थोडे सिल्व्हर नायट्रेट आणि ॲस्कॉर्बिक आम्ल असते. ॲस्कॉर्बिक आम्ल सौम्य क्षपणक आहे. ते त्रिसंयुजी सोन्याचे एकसंयुजी सोन्यात रूपांतर करते आणि पिवळसर द्रावण रंगहीन होते. पुढील क्षपण मुख्यतः बीजकणाच्या पृष्ठावरच घडते. चांदीचे अणू दंडाच्या बाजूंवर अतिशय विरळ थर देतात व सीटॅब त्या बाजूंना आच्छादते. त्यामुळे वाढ टोकांकडे वळते. चांदीचे प्रमाण ठरावीक मर्यादेपर्यंत वाढविल्यास दंड अधिक लांब होतात. या यंत्रणेच्या तपशिलाबाबत संशोधकांत अद्याप पूर्ण एकमत नाही.

अशुद्धीचा प्रश्न :
कृती तंतोतंत पाळूनही कित्येकदा दंड तयार होत नाहीत; द्रावण लालसर होते आणि वर्णपटात एकच पट्ट दिसतो. अशा वेळी दोष विद्यार्थ्याच्या हातचलाखीला दिला जातो. परंतु २००८-०९ मधील संशोधनाने वेगळेच कारण पुढे आणले. निरनिराळ्या उत्पादकांच्या, इतकेच नव्हे तर एकाच उत्पादकाच्या निरनिराळ्या खेपांच्या सीटॅबमध्ये आयोडाइडचे प्रमाण भिन्न असते. दशलक्ष भागांत काही भाग इतके आयोडाइडही (१११) पृष्ठाला घट्ट चिकटून दंडांची वाढ थांबवू शकते. उलटपक्षी, तेच आयोडाइड हेतुपुरस्सर मिसळल्यास त्रिकोणी पट्टिका मिळतात. एका प्रयोगातील अशुद्धी दुसऱ्या प्रयोगातील साधन ठरते.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील मुरली शास्त्री यांच्या गटाने २००४ मध्ये गवती चहाच्या अर्काने सोन्याचे त्रिकोणी नॅनोकण तयार केले, हेही येथे नमूद करणे उचित ठरेल. वनस्पतीच्या अर्कात अनेक घटक एकत्र असतात. त्यामुळे आकार घडविणारा घटक ओळखणे हाच अशा प्रयोगांचा गाभा असतो.

समारोप :
वरील विवेचनावरून असे दिसते की, नॅनोकणाचा आकार हा अभिकर्मकांच्या यादीवरून नव्हे, तर विविध स्फटिकपृष्ठांच्या वाढीतील स्पर्धेवरून ठरतो आणि अत्यल्प घटकही ही स्पर्धा फिरवू शकतो. म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळेतही सीटॅबचा उत्पादक व खेप क्रमांक, बीजकणांचे वय आणि द्रावणाचे तापमान यांची प्रयोगवहीत नोंद होणे अगत्याचे आहे. फसलेल्या प्रयोगाचा वर्णपटही जपून ठेवावा. आयोडाइडचा शोध अशाच फसलेल्या प्रयोगांच्या चिकित्सेतून लागला आहे.