“पानी कोनतं टाकलं, भाऊ?”

मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५च्या पुढे गेला, की अमरावती रोडच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या असलेल्या गाड्या दिसू लागतात. रस्त्याचा दोष नाही. जून २०२२मध्ये याच महामार्गावर ७५ किलोमीटरचा पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत डांबरी झाला आणि गिनीज बुकात गेला. गुळगुळीत रस्ता, वर एसी सुरू. तापमानाच्या काट्याकडे बघतो कोण?

मग गॅरेज. मिस्त्रीचा पहिला प्रश्न इंजिनाबद्दल नसतोच. “पानी कोनतं टाकलं, भाऊ?” उत्तर बहुतेक वेळा “बोरचं.” तिथेच अर्धं निदान होतं. पूर्णेच्या खोऱ्यात अमरावती, अकोला, बुलडाणा या तीन जिल्ह्यांत खारपाणपट्टा पसरलाय. दर्यापूरकडे जे पाणी माणूस तोंडात धरत नाही, ते आपण बिनदिक्कत रेडिएटरात ओततो. पाणी वाफ होऊन जातं, क्षार मागे राहतात. हंड्याच्या बुडाला धरतो तसा पांढरा थर त्या चिंचोळ्या नळ्यांत धरतो आणि आतली उष्णता आतच कोंडते. शिवाय खारं पाणी ॲल्युमिनियम कुरतडतं, ते वेगळंच.

जाणता मिस्त्री लगेच पाने काढत नाही, आधी विचारतो. गाडी सिग्नलला तापते की हायवेवर? सिग्नलला तापून धावताना गार होत असेल, तर पंखा बघायचा. हायवेवर, भरल्या गाडीत तापत असेल, तर रेडिएटर चोक असण्याची शक्यता जास्त. मग इंजिन गार असताना झाकण तपासायचं. या झाकणाला कुणी मोजत नाही, पण त्याची स्प्रिंग आत दाब धरून ठेवते आणि म्हणून कूलंट शंभराला न उकळता १२०च्या आसपास उकळतं. रबर गेलं, की दाब गेला. वरचा होज चटका देतोय आणि खालचा गारच, तर थर्मोस्टॅट अडकलाय किंवा नळ्या बुजल्यात. पंपाखाली थेंब दिसला, तर त्याचं सील गेलं. हे सगळं ठीक असूनही रेडिएटरात बुडबुडे येत असतील, सायलेन्सरमधून पांढरा धूर निघत असेल आणि ऑइल दुधाच्या चहासारखं दिसत असेल, तर हेड गॅस्केट गेलं म्हणायचं. पुढचा खर्च विचारू नका.

“वॉल काढून फेका, गाडी थंडी राह्यते,” असं सांगणारेही भेटतात. त्यांचं ऐकू नये. थर्मोस्टॅट काढलेलं इंजिन नीट गरमच होत नाही आणि पेट्रोल जास्त पितं. काही इंजिनांत तर बायपास उघडाच राहतो, पाणी रेडिएटरला वळसा घालून फिरतं आणि गाडी आणखी तापते.

जुन्या जीप-ॲम्बेसिडरचे रेडिएटर तांब्या-पितळेचे. डाग खोलून टाकी वेगळी करायची, नळीनळीतून सळई फिरवायची, पुन्हा डाग द्यायचा. रॉडिंग म्हणतात त्याला. आताच्या ॲल्युमिनियमच्या जाळीला प्लास्टिकची टाकी दाबून बसवलेली असते. तिथे सळई चालत नाही, बहुधा अख्खा रेडिएटरच बदलावा लागतो.

परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढायचा बेत असेल, तर निघण्याआधी सकाळी, गाडी गार असताना, कूलंटची पातळी बघा. वाटेत तापलीच तर झाकणाला हात लावू नका, अर्धा तास सावलीत थांबा. आणि डिकीत डिस्टिल्ड वॉटरचा कॅन असू द्या, बोरचं पाणी नको.