गणवेश आणि मेंदी

ईस्टरच्या सुट्टीत धाकट्या बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेलो. कन्या दोन्ही हात भरून मेंदी घेऊन परतली, आणि तिच्या इथल्या चर्चच्या शाळेतून चिठ्ठी आली: नियमांत बसत नाही! 'ह्यां'चा पारा चढला. लेक बाह्यांत हात लपवू लागली.

मला बर्मिंगहॅमचा खटला आठवला. १९७८ साली ख्रिस्ती तत्त्वांवरच्या एका खाजगी शाळेनं शीख मुलाला पगडी आणि लांब केसांमुळे प्रवेश नाकारला. मुलांत धर्मभेद ठळक होऊ नयेत, ही मुख्याध्यापकांची भूमिका. खालच्या दोन्ही कोर्टांत मुलगा हरला. १९८३ साली हाऊस ऑफ लॉर्ड्सनं मात्र शिखांना वांशिक गट मानून त्याच्या बाजूनं निकाल दिला.

आपली मेंदी म्हणजे पगडी नव्हे. ती हौस, धर्माज्ञा नव्हे. म्हणून भांडायला नाही, सांगायला गेले. मेंदी धुऊन जात नाही, दोनएक आठवड्यांत आपोआप फिकी होते, हे मुख्याध्यापिकाबाईंना ठाऊकच नव्हतं! त्यांनी तेवढे दिवस सूट दिली.

तेव्हा मंडळी, लग्नाला निघण्यापूर्वी शाळेला दोन ओळी लिहा. पण लेकीला "कशाला काढलीस?" असं मात्र विचारू नका.