ट्रान्सपोर्ट कंपनीत ड्रायव्हर म्हणून लागण्याआधी

वस्तीतल्या तरुणांकडून हल्ली एक प्रश्न वारंवार येतो. पोलीस भरती हुकली, आयटीआय करून कंत्राटी कामगार म्हणून दोन-तीन वर्षे काढली, आता हेवी लायसन्स काढून ट्रकवर जावे का? मी सात वर्षे विदर्भातल्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीची दहा चाकी गाडी चालवली आहे. ‘जा’ किंवा ‘जाऊ नको’ असे एका शब्दात उत्तर मला देता येत नाही. काम नेमके काय आहे, पैसा कुठून येतो आणि कुठे कापला जातो, कायदा कुठपर्यंत पोचतो, एवढे सांगता येते.

ट्रक म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर नॅशनल परमिटची, महिना महिना घर न पाहणारी गाडी येते. सगळे काम तसे नसते. राज्यात आणि फार तर शेजारच्या एक-दोन राज्यांत फिरणाऱ्या कंपन्या भरपूर आहेत. नागपूरच्या वाडीत माल भरायचा, भिवंडीच्या गोडाऊनला खाली करायचा, तिथून नाहीतर कळंबोलीहून परतीचे भाडे घेऊन यायचे. चंद्रपूरचे सिमेंट, जालन्याची सळई, बुटीबोरी, वाळूज, चाकणचा कारखान्यांचा माल. यात पुन्हा दोन जाती आहेत. पार्सल लाइनची गाडी ठरल्या वेळेला सुटते, रात्रभर चालते आणि सकाळी डेपोला लागलीच पाहिजे. फुल लोडमध्ये एकाच पार्टीचा माल असतो, घाई कमी, पण थांबणे फार. पार्सलवाल्याची झोप जाते, फुल लोडवाल्याचे दिवस जातात.

लायसन्सचे थोडक्यात सांगतो. वाहतूक वाहनासाठी वयाची २० वर्षे पूर्ण लागतात आणि त्याआधी हलक्या वाहनाचे लायसन्स किमान एक वर्ष हातात असावे लागते. आठवी पासची अट २०१९ मध्ये निघाली. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये हेही स्पष्ट केले की एकूण वजन ७,५०० किलोच्या आत असलेले मालवाहू वाहन हलक्या वाहनाच्या लायसन्सवर चालवता येते. म्हणजे छोटा हत्ती किंवा पिकअप चालवून हात बसवता येतो, आणि तोच मार्ग बरा. पूर्वी पोरगा क्लीनर म्हणून लागायचा, आपल्याकडे त्याला किन्नर म्हणतात. दोन-तीन वर्षे ताडपत्री ओढत, टायर ठोकत तो उस्तादाकडून गाडी शिकायचा. आता बऱ्याच कंपन्या क्लीनरचा पगार वाचवतात आणि एकट्या ड्रायव्हरला पाठवतात. त्यामुळे शिकवणारा उस्ताद गेला, आणि रात्री ‘झोप लागली का’ असे विचारणाराही गेला.

आता पैशाचे बघू. कंपनी सांगते तो पगार वेगळा आणि हातात पडतो तो वेगळा. पद्धती साधारण दोन. एकात महिन्याचा थोडा पगार आणि वर प्रत्येक ट्रिपचा भत्ता, म्हणजे खोराकी. दुसऱ्यात ठोक रक्कम मिळते. डिझेल, जेवण, पंक्चर, रस्त्यावरचा सगळा खर्च त्यातच भागवायचा आणि उरेल ते तुमचे. फास्टॅगमुळे टोलचा हिशेब ड्रायव्हरच्या हातातून गेला, ते चांगलेच झाले. पण खरी ओढाताण डिझेलवर होते. कंपनी गाडीला एक अ‍ॅव्हरेज ठरवून देते. समजा लिटरला ४ किलोमीटर ठरले आणि फेरी ८०० किलोमीटरची आहे. कंपनी २०० लिटर धरते. घाट, ट्रॅफिक, जुने टायर किंवा जास्त माल यामुळे गाडीने ३.८ दिले, तर साडेदहा लिटर जादा लागते. लिटरला ९० रुपये धरले तरी एका बाजूचे साडेनऊशे रुपये तुमच्या खात्यातून कापले जातात. ड्रायव्हर डिझेल चोरतो हे गावभर ऐकू येते. अ‍ॅव्हरेज कोणी ठरवले, कोणत्या रस्त्यावर, किती वजन भरून मोजले, हे मात्र कोणी विचारत नाही. नोकरीला लागताना हाच प्रश्न आधी विचारा आणि उत्तर कागदावर घ्या.

या कापाकापीचा थेट परिणाम रस्त्यावर दिसतो. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंत जो उतार आहे, तिथे ट्रकचे किती अपघात झाले ते वर्तमानपत्रांत येतच असते. काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला तिथे गाडी न्यूट्रल करतात. मग वेग आवरायला सगळा भार ब्रेकवर येतो, ब्रेक तापतात आणि तापलेला ब्रेक धरत नाही. गंमत म्हणजे नव्या गाड्यांत न्यूट्रलने डिझेल वाचतही नाही. गाडी गिअरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की उतारावर इंजिनात डिझेल जाणेच बंद होते. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला ते थोडे का होईना जळतच राहते. हे जुन्या उस्तादांनाही पटत नाही, कारण त्यांच्या काळच्या गाड्या वेगळ्या होत्या. कसारा असो की खंबाटकी, ज्या गिअरमध्ये चढायचे त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुना नियम मात्र अजून खरा आहे.

थांबण्याविषयी बाहेरच्या माणसाला काही कल्पना नसते. सकाळी सातला कारखान्याच्या गेटवर नंबर लावला की संध्याकाळीच काट्यावर जाल असेही होते. गेटच्या आत ड्रायव्हरला संडास नाही, बसायला सावली नाही, गाडी सोडून लांब जाता येत नाही, कारण नंबर पुकारला की हजर पाहिजे. या थांबण्याचे हॉल्टिंगचे पैसे पार्टीकडून मिळालेच तर ट्रान्सपोर्टरला मिळतात. ड्रायव्हरला ट्रिपवर पैसे असल्यामुळे थांबलेला दिवस फुकट जातो. खाली करताना हमालीचा आणि वाराईचा वाद असतो. ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची मागणी जुनी आहे, पण गोडाऊनच्या दारात खिशात हात घालावा लागतो तो ड्रायव्हरलाच. दोन गोण्या कमी भरल्या, पावसात सिमेंट भिजले, तर पावतीवर शेरा येतो आणि कापणी पुन्हा त्याच्याच पगारातून होते. म्हणून माल भरताना गोण्या स्वतः मोजा, बिल्टीचा आणि ताडपत्री बांधलेल्या गाडीचा फोटो काढून ठेवा.

जास्त माल भरण्याचेही तसेच. दहा चाकी गाडीचे एकूण वजन २०१८ पासून साडेअठ्ठावीस टनांपर्यंत चालते. त्याच्या वर गेले तर २० हजार रुपये दंड आणि प्रत्येक जादा टनाला २ हजार. माल भरायचा निर्णय शेठचा असतो, रस्त्यावर गाडी अडवली जाते तेव्हा समोर ड्रायव्हर असतो.

समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ ला पूर्ण सुरू झाला. नागपूर ते भिवंडी तालुक्यातले आमणे, ७०१ किलोमीटर. गाडी कुठे अडत नाही, पाठीला हिसके कमी बसतात. पण सरळ, एकसारखा, निर्मनुष्य रस्ता रात्री माणसाला गुंगवतो. रात्री दोन ते पहाटे पाच ही वेळ सगळ्यात वाईट. तोंडात गुटखा, खिडकी उघडी, मोठ्या आवाजात गाणी, यांतल्या कशानेही झोप जात नाही. डोळे उघडे राहतात आणि डोके झोपते. गाडी बाजूला घेऊन वीस मिनिटे पडणे हाच इलाज, आणि नेमका तोच वेळ कंपनीच्या जीपीएसवर ‘गाडी का थांबली?’ म्हणून दिसतो. फोन येतो. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या मध्यम आणि अवजड ट्रकना एसी केबिन बंधनकारक झाली आहे. उन्हाळ्यात अकोल्याहून जाणाऱ्याला ती चैन वाटणार नाही. पण जुन्या गाड्या अजून बरीच वर्षे रस्त्यावर असणार.

कामाचे तास किती, हा प्रश्न आपल्या कार्यकर्त्यांनी तरी विचारलाच पाहिजे. बाबासाहेब १९४२ ते १९४६ व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. १९४६ च्या कारखाने कायद्याच्या दुरुस्तीने आठवड्याचे काम ५४ तासांवरून ४८ तासांवर आले. ती दुरुस्ती कारखान्यासाठी होती. मोटार वाहतुकीतल्या कामगारांसाठी वेगळा कायदा यायला १९६१ उजाडले. त्यात दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती, आठवड्याची सुट्टी, जादा कामाला दुप्पट दर असे सगळे लिहिले होते. लांब पल्ल्याला जास्तीत जास्त १० तासांची सवलत होती, तीही परवानगी घेऊन. मी ड्रायव्हरच्या सीटवर घालवलेल्या सात वर्षांत हा कायदा भिंतीवर लावलेला एकदाही पाहिला नाही.

कारण कायदा मोजतो ते ‘काम’, आणि कंपनी मोजते ती ‘ट्रिप’. शिवाय १९६१ चा कायदा पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायाला लागू होता. मोठी कंपनी स्वतःच्या गाड्या कमी ठेवते आणि बाकीच्या छोट्या मालकांच्या, ‘अटॅच’ केलेल्या लावते. गाडीवर नाव कंपनीचे, ड्रायव्हर मात्र दोन-तीन गाड्यांच्या मालकाचा. असा मालक पाचच्या आतच राहतो. आता हा कायदा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाला आहे. ती संहिता २०२० मध्ये झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. तिच्यात नियुक्तिपत्र देणे बंधनकारक आहे, ही जमेची बाजू. पण कामगारसंख्येची अट पाचवरून दहावर गेली आहे. म्हणजे सहा-सात ड्रायव्हर असलेला जो मालक कालपर्यंत कायद्यात होता, तो आज बाहेर आहे. या बदलावर आपल्याकडे एक सभा झालेली मला आठवत नाही. आरक्षणावर आपण बोलतो, बोललेच पाहिजे, पण पोटासाठी आपली जी पोरे या खाजगी धंद्यात आहेत त्यांचा कायदा बदलतो तेव्हाही आपले कोणी तरी वाचत असायला हवे.

नोकरीला लागताना विचारायचे ते एवढेच की मी नक्की कोणाचा कामगार, कंपनीचा की अटॅच गाडीच्या मालकाचा? पगार बँकेत येणार का? पीएफ कापणार असाल तर यूएएन नंबर द्या, म्हणजे पैसे खरोखर भरले जातात का ते मोबाईलवर बघता येते. आणि उचल घेऊ नका. लग्नाला, घर दुरुस्तीला शेठ वीस-तीस हजार हसत देतो. त्यानंतर वर्षभर भत्ता कमी झाला तरी तुम्ही दुसरीकडे जाऊ शकत नाही. एक साधी वही ठेवा. किती वाजता निघालो, कुठे किती थांबलो, किती वाजता खाली झाली. वाद झाला तर ही वही आणि फोनमधले फोटो हाच तुमचा पुरावा.

घरचे सांगायचे तर प्रादेशिक गाडीवर आठवड्यातून एखादी रात्र घरी मिळते. पण ती कोणती, ते आपल्या हातात नसते. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायची सुट्टी मागितली तर हमखास नकार मिळतो, कारण दिवाळीआधीचा तो भर सीझन असतो. दोन-तीन महिने आधी तारीख सांगून, बदली ड्रायव्हर स्वतः शोधून दिला तर जमते. आमच्या डेपोत आम्ही चौघांनी तसे आपसात वाटून घेतले होते, एक वर्ष दोघे जायचे, पुढच्या वर्षी दुसरे दोघे.

राहिला अपघात. धडक झाली की पळून जा, हा सल्ला रस्त्यावर सर्रास मिळतो. मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ सांगते की जखमीला दवाखान्यात पोचवा आणि पोलिसांना कळवा. जमाव अंगावर येत असेल तर तिथे थांबण्याची सक्ती नाही, पण २४ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात खबर दिलीच पाहिजे. जानेवारी २०२४ मध्ये ज्या तरतुदीवरून ड्रायव्हर संपावर गेले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, ती भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ मधली दहा वर्षांच्या शिक्षेची. संहिता १ जुलै २०२४ ला लागू झाली तेव्हा ते उपकलम मागे ठेवण्यात आले. पण निष्काळजीपणाने मृत्यू झाल्यास शिक्षा पूर्वी दोन वर्षांपर्यंत होती ती पाच वर्षांपर्यंत झाली आहे, हे बऱ्याच ड्रायव्हरांना माहीत नाही.

आणि ड्रायव्हरच गेला तर? घरचे लोक ‘चूक त्याचीच होती, काही मिळणार नाही’ असे समजून गप्प बसतात. मालकही तेच सांगतो. कामावर असताना मृत्यू झाला तर कामगार म्हणून मिळणाऱ्या भरपाईसाठी चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. ही तरतूद १९२३ च्या कायद्यात होती, आता ती सामाजिक सुरक्षा संहितेत आहे. चूक समोरच्या गाडीची असेल तर मोटार अपघात न्यायाधिकरणाकडे जाता येते, तिथे २०१९ च्या दुरुस्तीने सहा महिन्यांची मुदत घातली आहे. दोन्हीकडून भरपाई घेता येत नाही, एक मार्ग निवडावा लागतो. त्यामुळे तेरवीच्या किंवा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाची वाट न पाहता पहिल्याच आठवड्यात वकिलाला भेटावे. त्यासाठी एफआयआर, लायसन्स, बिल्टी आणि गाडीच्या विम्याची प्रत लागते. विम्याची प्रत केबिनमध्ये असते आणि गाडी बहुतेक वेळा चक्काचूर झालेली असते. तिचा एक फोटो आजच काढून घरच्या कोणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवा.