सहा मांडण्या, तीन पक्की घरं

चौकटीच्या वहीत दहा घरांची आडवी ओळ आखा. तिच्या डावीकडे लिहा: ३, ४. म्हणजे सलग तीन घरं रंगवायची, निदान एक कोरं सोडायचं, मग सलग चार रंगवायची. पूर्ण कोड्यात अशा अनेक ओळी असतात आणि उभ्या ओळींच्या डोक्यावरही असेच आकडे असतात. आडवं-उभं जुळलं की चित्र उमटतं. ही कोडी १९८७ च्या सुमारास जपानमध्ये जन्मली.

मुलं अंदाजानं रंगवत सुटतात आणि खोडरबर झिजतं. त्याऐवजी मोजावं. तीन, चार आणि मधलं एक मिळून आठ घरं गेली, दोन शिल्लक. ही दोन कोरी घरं सुरुवातीला, मध्ये किंवा शेवटी जातील. दोन्ही एकाच जागी ठेवण्याचे तीन प्रकार, वेगवेगळ्या जागी ठेवण्याचे तीन, एकूण सहा. आकडे नसते तर याच ओळीच्या १,०२४ मांडण्या झाल्या असत्या! आता त्या सहा एकाखाली एक लिहा. तिसरं, सातवं आणि आठवं घर प्रत्येकीत रंगलेलं दिसेल. ती तीन बेलाशक रंगवा. पाचवं घरही रंगलेलं आहे असं उभ्या ओळीवरून कळलं, तर सहांपैकी दोनच मांडण्या उरतात.

दोन रंगीत पट्टे आणि दोन शिल्लक घरं अशा चार जागांतून पट्ट्यांसाठी दोन निवडायच्या, म्हणूनच उत्तर सहा. निवडीची ही रीत भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) दिली आहे. सहा रसांतून एक, दोन, तीन असे घेत किती चवी होतील, हे त्यांचं उदाहरण; उत्तर ६३. चवीवरून गणित शिकवणारा असा शिक्षक विरळाच. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातू चांगदेवानं मठ काढला, असं चाळीसगावजवळच्या पाटणचा शिलालेख सांगतो.

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ उभ्या राहणाऱ्या लायगो-इंडिया वेधशाळेतही या कोड्यासारखीच शक्यतांची यादी आधी लागेल. कृष्णविवरांची जोडी एकमेकांत विलीन होताना कशा गुरुत्वीय लहरी निघू शकतात, याचे नमुने आधीच गणितानं काढून ठेवतात आणि उपकरणाची नोंद त्यांच्याशी ताडून पाहतात. नमुने कोणते निवडावेत, यावर पुण्याच्या ‘आयुका’तले संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी १९९१ मध्येच पायाभूत काम केलं.

चारांतून दोन निवडण्याचं सूत्र मुलांना अकरावीत भेटतं. औंढा, वसमत, कळमनुरीच्या शाळांनी तोवर थांबू नये; दहा घरांची ओळ पाचवीतल्या मुलालाही आखता येते.