हिरवं, पिवळं, लाल

मागच्या रांगेतली ‘टायमर’ हिरवं कार्ड वर धरते, तेव्हा बोलणाऱ्याची ४ मिनिटं झालेली असतात. पाचव्या मिनिटाला पिवळं, सहाव्याला लाल. भाषणाचा सराव करायला जमणाऱ्या टोस्टमास्टर्स क्लबात नव्या सभासदाचं पहिलं भाषण या चौकटीत बसवावं लागतं. विषय असतो स्वतःचाच: आपण कोण, कुठले, काय करतो. या विषयात आपल्याहून मोठा जाणकार सभागृहात कुणी नाही, हे ठाऊक असूनही घशाला कोरड पडते, कागद थरथरतो.

रॅल्फ स्मेडली यांनी १९२४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँता आना इथे, वायएमसीएच्या तळघरात या क्लबांची सुरुवात केली. आज पुण्या-मुंबईत कंपन्यांच्या कॉन्फरन्स रूममध्ये संध्याकाळी अशा सभा भरतात. फळ्यावर दुपारच्या मीटिंगचे आकडे अजून तसेच असतात.

या सभांना येणारे बरेच जण शाळेत ‘आदरणीय व्यासपीठ, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो’ म्हणून वाढलेले. शिक्षकांनी लिहून दिलेलं भाषण, आईने करून घेतलेलं पाठांतर आणि ठरलेल्या शब्दाला वर जाणारा हात. ढाल मिळायची, नाही असं नाही. पण एक वाक्य विसरलं की पुढचं सगळं अडायचं, कारण लक्षात शब्द राहिलेले असत, मुद्दे नव्हेत. क्लबात जुने सभासद नवख्याला म्हणूनच सुचवतात की सुरुवातीची आणि शेवटची दोन वाक्यं पक्की करा, मधलं मुद्द्यांवर सोडा.

भाषण संपलं तरी सुटका नसते. ‘आ काउंटर’ नावाचा सभासद प्रत्येक ‘अं’, ‘म्हणजे’, ‘ॲक्च्युअली’ मोजतो आणि सभेच्या शेवटी आकडा सर्वांसमोर वाचून दाखवतो. हशा पिकतो, पण मोजलं जातंय म्हटल्यावर पुढच्या खेपेला माणूस ‘अं’च्या जागी गप्प राहायला शिकतो. ती एका सेकंदाची शांतता बोलणाऱ्याला अनंत वाटते, ऐकणाऱ्याला जाणवतही नाही.

‘टेबल टॉपिक्स’मध्ये तर विषय आयत्या वेळी हाती येतो आणि त्यावर एक ते दोन मिनिटं बोलायचं. हुशार माणसंही इथे गडबडतात. गप्पिष्ट मात्र तरतात.

सगळ्यात मोलाचा मूल्यमापनकर्ता. त्याला २ ते ३ मिनिटं मिळतात. ‘छान झालं’ एवढ्यावर त्याचं भागत नाही. ‘तुम्ही पूर्ण वेळ उजवीकडच्या रांगेकडेच पाहिलंत’, ‘आजोबांच्या दुकानाचा किस्सा आधी आला असता तर’ असं नेमकं सांगावं लागतं. आपल्याकडच्या स्पर्धांत परीक्षक गुण देऊन निघून जातात. नेमकं काय चुकलं, हे कळायची सोयच नसते.

भीतीबद्दल एक शोध उपयोगी आहे. केनेथ सॅवित्स्की आणि थॉमस गिलोविच या मानसशास्त्रज्ञांनी २००३ मध्ये दाखवून दिलं, की आपली धडधड समोरच्यांना दिसते आहे असं वक्त्याला वाटतं, त्यापेक्षा ती पुष्कळच कमी दिसते. ही गोष्ट आधी सांगितली, तेव्हा वक्ते बोललेही अधिक चांगले.

बॅरिस्टर होऊन आलेले गांधी मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्याच खटल्यात उलटतपासणीला उभे राहिले, पण त्यांना एकही प्रश्न सुचेना. ते खाली बसले आणि काम दुसऱ्या वकिलाकडे गेलं. पुढे १८९३ मध्ये प्रिटोरियात ते हिंदी व्यापाऱ्यांपुढे व्यापारातल्या सचोटीवर बोलले. आयुष्यातलं आपलं पहिलं जाहीर भाषण हेच, असं आत्मकथेत ते नोंदवतात. या वेळी विषय मनापासूनचा होता आणि तयारीही करून आले होते.

बहुतेक क्लबांत पाहुण्यांना सभेला बसू देतात. पहिल्या दिवशी न बोलता नुसतं ऐकलं तरी चालतं. धीर होत नसेल, तर टायमरचं काम मागून घ्या. कार्डं दाखवायची आणि शेवटी उभं राहून वेळा वाचून दाखवायच्या.