काठावरचे सर



खराडीतल्या आमच्या बचत गटाच्या गेल्या बैठकीत हप्त्यांचा हिशोब झाला आणि एका ताईंनी विषय काढला. "पोरीचे पोहण्याचे सर म्हणतात, हिच्यात दम आहे, रोज पहाटे आणा. पण ते तर काठावर उभे राहून नुसती शिट्टी वाजवतात. मग फी कशाची?" आम्ही सगळ्या हसलो, पण उत्तर कुणालाच देता येईना. म्हणून आज त्या काठावरच्या माणसाविषयी बोलू.

वीरधवल खाडे हे आपल्या कोल्हापूरचं नाव तुम्ही ऐकलं असेल. 2008 साली सोळाव्या वर्षी तो बीजिंग ऑलिंपिकमध्ये पोहला. त्याच वर्षी आपल्या बालेवाडीत राष्ट्रकुल युवा स्पर्धा झाल्या, तिथे त्याने सुवर्णपदकं जिंकली. 2010 च्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायमध्ये त्याला कांस्य मिळालं. पोहण्यात भारताला असं पदक 24 वर्षांनी मिळालं होतं. त्याआधीचं होतं 1986 मधलं, खजान सिंग यांचं.

त्याला घडवणारे प्रशिक्षक म्हणजे बेंगळुरूचे निहार अमीन. वीरधवलला अर्जुन पुरस्कार 2011 मध्ये मिळाला, गुरूला द्रोणाचार्य मिळाला 2015 मध्ये. शिष्याच्या चार वर्षांनंतर! या क्षेत्रात गुरूचं नाव असंच उशिरा पुढे येतं.

मग हे सर करतात तरी काय? आज किती मीटर पोहायचं, किती वेगाने, मध्ये किती सेकंद थांबायचं, हे सगळं ते आधी ठरवतात. हात पाण्यात कसा जातो, भिंतीपाशी वळताना वेळ कुठे वाया जातो, हे काठावरूनच दिसतं. पोहणाऱ्याला स्वतःला ते दिसत नाही. स्पर्धा दोन-तीन आठवड्यांवर आली की रोजचं अंतर हळूहळू कमी करतात. याला टेपर म्हणतात. महिनोन्‌महिने थकलेलं अंग ऐन शर्यतीच्या दिवशी ताजं असावं, यासाठी हे. किती कमी करायचं, हे प्रत्येक मुलामागे वेगळं. इतक्या बारकाव्याची गरज काय? 2018 च्या आशियाई स्पर्धेत 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये वीरधवलचं कांस्य एका सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलं.

दुसरं काम मनाचं. अमेरिकेच्या मायकेल फेल्प्सचे प्रशिक्षक बॉब बोमन यांनी एकदा मुद्दाम त्याच्या गॉगलवर पाय दिला होता, अडचणीतही पोहता यावं म्हणून. पुढे बीजिंगमध्ये 200 मीटर बटरफ्लायला फेल्प्सच्या गॉगलमध्ये खरंच पाणी शिरलं. काही दिसेना. तो हात मोजत पोहला आणि विश्वविक्रमासह सुवर्ण घेऊन आला.

मुली-सुनांनो, हा शिकून करता येण्यासारखा पेशा आहे. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था प्रशिक्षकांसाठी पदविका अभ्यासक्रम चालवते. जिला स्वतःला चांगलं पोहता येतं, तिने चौकशी जरूर करावी. कितीतरी घरांत मुलगी पोहायला जात नाही ती एवढ्याचसाठी, की शिकवायला बाई नाही.

मुलीला घालण्याआधी मात्र तीन गोष्टी विचारा. प्रशिक्षकांनी प्रशिक्षण कुठे घेतलं? सराव चालू असताना जीवरक्षक हजर असतो का? मुलीच्या वेळांची नोंद ठेवतात का? चांगले सर या प्रश्नांनी रागावत नाहीत. आणि मुलगी एखाद्या दिवशी "नको" म्हणाली, तर तिचंही ऐका.

त्या ताईंनी हे तिन्ही प्रश्न विचारले. सरांनी वही काढून दाखवली. पोरीची पहिल्या दिवसापासूनची प्रत्येक वेळ त्यात लिहिलेली होती. पुढच्या बैठकीत तीन महिन्यांच्या फीसाठी त्यांचा कर्जाचा अर्ज आला. आम्ही तो एकमताने मंजूर केला.