ओतप्रोत

‘ओतप्रोत’ हा शब्द आपण आनंदाविषयीं व भक्तीविषयीं सहज योजतों. परंतु त्याचा संबंध मागाशीं आहे, हें क्वचितच ध्यानांत येतें. हें सर्व जलांत ओतप्रोत आहे, तर जल कशांत, असा प्रश्न बृहदारण्यकोपनिषदांत गार्गी याज्ञवल्क्यांस करते. उभे व आडवे धागे एकमेकांत गुंतल्यावांचून वस्त्र होत नाहीं, हीच त्या प्रश्नामागील उपमा. ज्या वस्त्रावर एवढा विचार उभा राहिला, त्याची जन्मकथा घरांतील मुलांस ठाऊक असावी.

कापूस म्हणजे सरकीवर उगवलेले केस. वेचणीनंतर प्रथम सरकी वेगळी काढतात. मग रुई पिंजून तिचे पेळू करतात. कापसाचा तंतु वाळला म्हणजे चपटा होतो व त्यास आपोआप पीळ पडतो. त्यामुळें शेजारचे तंतु एकमेकांस धरून राहतात. चरखा असो वा गिरणीचें यंत्र असो, पेळू ओढून बारीक करावयाचा व त्यास पीळ द्यावयाचा, एवढेंच काम. एका पौंडांत ८४० वारांच्या जितक्या लड्या भरतात, तो सुताचा नंबर. म्हणजे २० नंबरी सूत पौंडास १६,८०० वार भरतें. नंबर जितका मोठा, तितकें सूत तलम.

मागावर उभा तो ताणा, आडवा तो बाणा. ताण्यास ओढ व घर्षण फार सोसावें लागतें, म्हणून त्यास आधीं खळ देतात. मग ताण्याचे धागे आळीपाळीनें वरखालीं होतात, मधून धोटा बाणा घेऊन धांवतो आणि फणी तो ठोकून बसविते.

आमच्या नातेपुत्याच्या जिल्ह्यास ही विद्या चांगली परिचित आहे. सोलापुरांत १८७४ सालीं सूत व कापडाच्या गिरणीची कंपनी स्थापन झाली, आणि तेलंगणांतून आलेल्या पद्मशाली विणकरांनीं मागाचें नांव राखलें. त्या जुन्या मोठ्या गिरण्या आतां बंद पडल्या आहेत. चादर मात्र यंत्रमागांवर अद्याप विणली जाते, व जॅकार्डच्या योजनेनें नक्षी तिच्या विणींतच उतरते. सोलापुरी चादरीस भौगोलिक मानांकन लाभलें आहे. तरी परप्रांतीं विणलेला मालही त्याच नांवानें खपविला जातो, आणि त्याचा फटका इकडील विणकरास बसतो.

यास्तव गृहिणींनीं केवळ ताठपणास व स्वस्ताईस भुलूं नये. ताठपणा पुष्कळदां खळीचा असतो व पहिल्या धुण्यांतच जातो. कापडाचा कोपरा बोटांनीं चोळावा, उजेडाकडे धरून वीण पाहावी, माल कोठला तें विचारावें. वस्त्र टिकतें तें पिळानें व विणीनें; आणि त्या विणीचें योग्य मोल मिळालें, तरच माग चालतो.